आपोटेकरांची करंगळी

जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळात दिवाळीचा कार्यक्रम संपून जेवणं झाली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "काका, तो आपोटेकरांचा किस्सा सांगा ना." नुकतंच पुण्याहून आलेलं एखादं जोडपं विचारायचं, "आपोटेकर म्हणजे कोकणातले का?" तिथेच पहिला हशा पिकायचा. मग मी सांगायचो की आपोटेकर हे आडनाव नव्हे, औषधाच्या दुकानदाराला जर्मनमध्ये तसं म्हणतात. आमच्या नेमबाजीच्या क्लबातले हे निवृत्त आपोटेकर रेंजवर देखरेखीला असायचे. प्रत्येकाचं पिस्तूल पेटीत जायच्या आधी ते त्यात स्वतःची करंगळी घालून बघायचे, गोळी आत राहिली नाही ना. आयुष्यात एकदाच ते विसरले. त्यामुळे दसऱ्याच्या दिवशी माझ्या घरात गोळी सुटली आणि हिच्या हातातून आरपार गेली. शेवटी मी हात पसरून म्हणायचो, "तेव्हा मंडळी, जर्मनसुद्धा विसरतात बरं का!" आयटीतल्या मुलांना हे वाक्य फार आवडायचं. ही तेव्हा आत भांडी आवरत असायची. डाव्या हाताची दोन बोटं वळत नसल्यामुळे तिला वेळ लागायचा.

तो किस्सा खोटा आहे. आपोटेकर विसरले नव्हते. गोळी रेंजवरून घरी आलीच नव्हती. ती मी घरात, माझ्या हाताने भरली होती. माझ्या या खोटेपणामुळे एका शहाण्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला. क्लबात आणि पोलिसांकडे मी हे जर्मनमध्ये सांगितलं आहे. मराठीत सांगायचं राहिलं होतं, आणि हसवलं तर मी मराठीतच होतं.

मी तरुणपणी गेर्लिंगेनजवळच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनियर म्हणून आलो आणि तिथूनच निवृत्त झालो. बरीच वर्षं झाली तरी गावात कुणाशी ओळख नव्हती, तेव्हा एका सहकाऱ्याने क्लबात नेलं. लोक विचारायचे, वरणभात खाणारा माणूस आणि पिस्तूल? मी म्हणायचो, हे एक प्रकारचं ध्यान आहे, श्वास आणि नजर यांचा खेळ आहे. इथल्या जर्मनांना हे उत्तर पटायचं. भारतातून आलेल्या माणसाकडून त्यांना तेच अपेक्षित असतं. खरं असं की मी निशाण्याच्या कागदावर माणसं मारत होतो. मीटिंगमध्ये माझं वाक्य लहान मुलाला समजवावं तसं पुन्हा बोलून दाखवणारा साहेब, फोडणीच्या वासाबद्दल जिन्यात चिठ्ठी लावणारी शेजारीण, मला वगळून वर चढलेला कनिष्ठ. काळ्या वर्तुळात मी त्यांचे चेहरे ठेवायचो आणि शांतपणे, श्वास धरून, एकेकाच्या कपाळात गोळी घालायचो. रेंजवरून घरी यायचो तेव्हा हात हलके झालेले असायचे.

त्याआधी ते हात मुलावर चालले होते. माझा मुलगा प्राथमिक शाळेत असताना मी त्याला ऑफिसातून आणलेल्या स्टीलच्या पट्टीने मारायचो. गणितावरून, उलट बोलण्यावरून, ताटात अन्न टाकण्यावरून. एकदा पट्टीची कड लागून त्याचा कान फाटला. रक्त शर्टाच्या कॉलरमधून आत गेलं. मला थांबता आलं नाही, अजून दोन-तीन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्याने शाळेत सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं. त्यानंतर तो माझ्याशी मराठी बोलला नाही. मी मराठीत विचारायचो, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. मंडळात सगळ्यांचीच मुलं तसं करतात, त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं दिसलं नाही. मलाही ते सोयीचंच होतं.

आता पिस्तुलाचं. माझं पहिलं पिस्तूल आणि नंतरचं, दोन्ही पॉलिमरच्या सांगाड्याची, म्हणजे वर पोलाद आणि हातात धरायचा भाग टणक प्लॅस्टिकचा. लांबून दोन्ही सारखीच दिसायची. पण जुन्याला मागे घोडा होता आणि डाव्या बाजूला अंगठ्याखाली एक खटका. गोळी भरली की अंगठ्याने तो खटका खाली दाबायचा, घोडा अलगद खाली यायचा आणि पिस्तूल निवायचं. ते खोलायचं झालं तर चापाला हात लावावा लागत नसे. पहिल्या गोळीला मात्र चाप लांब आणि जड ओढावा लागायचा. वय झालं, बोटांचे सांधे धरू लागले, तशी पहिली गोळी खाली जाऊ लागली. मी चिडायचो, आणि चिडलो की दुसरीही जायची.

क्लबातले तरुण नव्या पद्धतीच्या पिस्तुलाकडे वळले होते. त्याला घोडा नाही, खटका नाही. चाप प्रत्येक वेळी सारखाच हलका. वर नेम दाखवणारी लाल ठिपक्याची काच बसवता येते, म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांना नळीच्या टोकावरची माशी, ती नेमाची खूण, शोधत बसावी लागत नाही. मी ते घ्यायचं ठरवलं. विरोध केला एकट्या आपोटेकरांनी.

ते माझ्याहून थोडे मोठे, उंच, वाकलेले, बोलण्याआधी "आल्झो", म्हणजे "तर मग", म्हणून घसा खाकरणारे. क्लबात मला घरी जेवायला बोलावणारे ते पहिले. माझं जुनं पिस्तूल त्यांनीच विकत घेतलं, पण आधी मला बजावलं.

"आल्झो. तुझ्या डोक्याला नवं पिस्तूल एका दुपारी समजेल," ते म्हणाले. "अंगठ्याला समजायला एक वर्ष लागेल."

"मी इंजिनियर आहे," मी म्हणालो.

"तू आहेस. तुझा अंगठा नाही."

त्यांनी मला महिनाभर खोट्या काडतुसांवर घासलं. नव्या पिस्तुलात एक गोष्ट फार वेगळी होती. ते खोलायचं तर आधी चाप ओढावाच लागतो. म्हणून क्रम पक्का हवा. गोळ्यांचं मॅगझिन बाहेर, मग स्लाइड, म्हणजे वरचा पोलादी भाग, मागे, मग आत बघायचं, मग करंगळी, आणि त्यानंतरच चाप. मॅगझिन काढलं तरी नळीत चढलेली एक गोळी तशीच राहते, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. मला तर होतंच. तरीही माझा अंगठा दर वेळी त्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर खटका शोधायला जायचा आणि काही नाही तिथे खाली दाबायचा. ते बघून आपोटेकर काडीने माझ्या अंगठ्यावर टिचकी मारायचे. "मेला तो! तुझा खटका मेला, कळलं? त्याला पुरून टाक."

करंगळी ही त्यांचीच पद्धत. रेंजवरचा उजेड कमी, डोळे म्हातारे, म्हणून ते डोळ्यांवर विसंबायचे नाहीत. त्यांची करंगळी कायम काजळीने काळी असायची. पोरं चेष्टा करायची, "आपोटेकर, बायको हात धरू देते का?" ते म्हणायचे, "बायको तिची औषधं मोजायला लावते. हा हात मला शनिवारीच मिळतो."

त्या वर्षी दसरा रविवारी आला. आदल्या दिवशी रेंजवर मी नव्या पिस्तुलाने चांगला नेम मारला. सामान आवरताना आपोटेकर आले. मी स्लाइड मागे ओढून धरली, त्यांनी करंगळी आत घातली, फिरवली, बाहेर काढून बघितली आणि मान हलवली. मी पिस्तूल पेटीत ठेवलं. हे असंच झालं. मी हे पुन्हा लिहितो. त्यांनी करंगळी घातली होती आणि पिस्तूल रिकामं होतं.

दसऱ्याला मुलगा, सून आणि त्यांची छोटी मुलगी कार्ल्सरूहेहून आली. सून जेवण झाल्यावर मैत्रिणीकडे गेली. नात आतल्या खोलीत झोपली. ही दिवाणखान्यात पाट मांडून पूजेची तयारी करत होती. दरवर्षी पाटावर माझं मोजमापाचं कॅलिपर, तिची शिवणाची कात्री आणि पिस्तूल असायचं. हळदकुंकू, झेंडू मिळाला तर झेंडू, नाहीतर बागेतलं काही पिवळं. मी कपाटातून पिस्तूल काढून पाटावर ठेवलं. मुलगा दारात उभा होता.

"बाबा, आत माझी मुलगी झोपली आहे," तो जर्मनमध्ये म्हणाला.

"शस्त्रपूजा आहे. वर्षातून एकदा."

"माझे आजोबा पोस्टात होते. त्यांच्याकडे कुठलं शस्त्र होतं?"

"अरे, ते पोस्टाचे शिक्के पुजायचे," ही हसून म्हणाली. "एकदा कुंकू लागलं तर महिनाभर सगळी पाकिटं लाल गेली."

ती विषय बदलू पाहत होती. आम्ही दोघांनी बदलू दिला नाही.

"हे घरात असेपर्यंत मी तिला इथे आणणार नाही," तो म्हणाला.

"नको आणूस. आजोबा काय चीज आहे ते तिला कशाला कळायला हवं?"

"मला कळलं आहे, तेवढं पुरे. मारायला आता तुमचे हात पुरत नाहीत, म्हणून हे प्लॅस्टिकचं घेतलंत."

 आजवर मी मंडळात सांगितलं की याच वेळी मी पूजेआधी पिस्तूल पुसायला घेतलं. मी पुसायला घेतलं नाही. मी पिस्तूल उचललं आणि आतल्या कपाटापाशी गेलो. गोळ्यांचा वेगळा कप्पा उघडला. काडतूस मॅगझिनमध्ये अंगठ्याने दाबून बसवावं लागतं, स्प्रिंग जड असते, वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस थांबू शकतो. शेजारच्या पलंगावर नात झोपली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मी एक गोळी बसवली, दुसरी बसवली, तिसरी बसवली. माझी बोटं रेंजवर कधी नव्हती इतकी स्थिर होती. मग मॅगझिन पिस्तुलात सरकवून मी बाहेर आलो, स्लाइड ओढून सोडली, त्या आवाजाने ही वळली, आणि मी पिस्तूल माझ्या मुलाच्या छातीवर रोखलं.

"आता बोल," मी म्हणालो.

लाल ठिपका त्याच्या शर्टाच्या बटणावर होता. तो हलला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळ्यांत भीती नव्हती. आपल्याला हे आधीच माहीत होतं, असा तो बघत होता. मग इतक्या वर्षांनी तो मराठीत बोलला.

"मारा," तो म्हणाला. "मारा ना, बाबा."

मला वाटलं होतं की तो हात जोडेल, मागे सरेल. तो मराठीत बोलेल असं वाटलं नव्हतं.  मी नळी खाली केली. अंगठा आपोआप डाव्या बाजूला गेला आणि नसलेला खटका खाली दाबला. आणि माझ्या डोक्याने मानलं की झालं, पिस्तूल निवलं. मी मॅगझिन काढून सोफ्यावर फेकलं. आता ते खोलून टाकायचं, तुकडे करून त्याच्या पुढ्यात ठेवायचे, एवढंच मनात होतं. ही धावत आली. "अहो, द्या ते इकडे, द्या आधी," म्हणत तिने डावा पंजा नळीवर ठेवला. मी खोलण्यासाठी चाप ओढला.

रेंजवर कानांवर आवरणं असतात. खोलीतली गोळी वेगळी असते. आवाज ऐकू येत नाही, तो अंगावर आदळतो. मग कानांत एकच शीळ. धूर, आणि त्या धुरात हिचा हात उभा. पंजाच्या मध्यभागी आधी काहीच दिसलं नाही. मग ते भोक भरून आलं आणि रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून पाटावर पडायला लागलं, हळदीवर, कात्रीवर. करंगळीशेजारच्या बोटाचं हाड बाहेर दिसत होतं. ती ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं, पण मला वाटतं ओरडत नव्हती. आतून नात मात्र किंचाळत होती. मला ते फक्त तिच्या बापाच्या धावण्यावरून कळलं.

पुढचं सांगायला सगळ्यात कठीण आहे. मुलगा एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन रुग्णवाहिका बोलावत होता. ही पाटाशेजारी बसून टॉवेल आवळत होती आणि टॉवेल लाल होत होता. आणि मी सोफ्यावरून मॅगझिन उचललं, त्यातल्या गोळ्या एकेक करून काढल्या, डब्यात परत ठेवल्या आणि कप्पा बंद केला. मग मी हिच्याजवळ गेलो. तिने सगळं बघितलं होतं.

पोलीस आले. एका तरुण पोलीसबाईने मला स्वयंपाकघरात बसवलं आणि विचारलं, पिस्तूल भरलेलं कसं होतं? मी व्याकरणाची एकही चूक न करता सांगितलं, की गोळी कालची राहिली असणार. साफ करताना सुटली. काल रेंजवर देखरेख करणाऱ्याने तपासलं नाही. तिने मुलाला विचारलं. स्ट्रेचरवरून नेताना ही त्याच्या कानात काहीतरी बोलली होती. तो म्हणाला, "मी दुसऱ्या खोलीत होतो."

त्यानंतर तो घरी आला नाही. आईला तो कार्ल्सरूहेला बोलावून घेतो. ती एकटी रेल्वेने जाते.

माझा परवाना गेलाच. भरलेलं पिस्तूल घरी आणणं हाही गुन्हाच आहे. पण निष्काळजीपणा म्हणून ते मिटलं. मुलावर पिस्तूल रोखलं म्हणून जे झालं असतं, ते झालं नाही. माझं खोटं मला तेवढ्याला पडलं. बाकीचं आपोटेकरांच्या वाट्याला गेलं.

क्लबाच्या वरच्या खोलीत चौकशी झाली. लाकडी भिंती, जुनी ढालींसारखी बक्षिसं, बिअरचा वास. आपोटेकर टेबलाच्या त्या टोकाला बसले होते.

"मी करंगळी घातली," ते म्हणाले. "मी नेहमी घालतो."

अध्यक्ष म्हणाले, "नेहमीचं विचारलं नाही. त्या दिवशी घातली का?"

"घातली. मला आठवतंय." मग ते थांबले. त्यांनी स्वतःच्या करंगळीकडे बघितलं. "म्हणजे मला आठवतं. पण सगळेच शनिवार मला तसेच आठवतात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत आरोप नव्हता. अडलेला माणूस शेजाऱ्याला रस्ता विचारतो तसे ते बघत होते. "तू सांग. घातली होती का मी?"

"नाही," मी म्हणालो.

ते हळूच म्हणाले, "हो. मग नसेल घातली." आणि ते खरंच मानलं त्यांनी. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

नंतरचं मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. देखरेखीचं काम गेलं, त्यांनी स्वतःहून बंदुका परत केल्या. गाडी विकली, कारण जो एवढं विसरतो त्याने रस्त्यावर जाऊ नये. डॉक्टरांनी स्मृतीच्या चाचण्या केल्या, वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले. त्यांना पटलं नाही. बायको गेल्यावर ते वृद्धांच्या वसाहतीत राहायला गेले. तिथे म्हणे शेगडी बंद केल्यावर ते शेजाऱ्याला बोलावून दाखवायचे, बंद आहे ना? आयुष्यभर दुसऱ्यांची विषं मोजून देणारा माणूस. आणि मी मंडळात त्यांच्यावर टाळ्या घेत होतो.

गेल्या वर्षी भाजीच्या दुकानात ते अचानक समोर आले. चालायची काठी, गळ्यात मफलर. मला बघून मान झुकवली आणि हिच्याकडे वळले. तिचा डावा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, न वळणारी बोटं बघितली, आणि म्हणाले, "बाई, मला क्षमा करा. रोज रात्री मी आठवून बघतो. आठवत नाही कसा विसरलो ते."

आम्ही गाडीत बसलो.  मी चावी लावली तेव्हा ही म्हणाली, "अहो, त्या माणसाने माझी माफी मागितली."

"हो."

"माझा हात तुम्ही फोडलात, ते मी कधी काढलं नाही. पोराला गप्प बसवलं ते मीच. पण आता हे नाही. तुम्ही सांगता की मी सांगू? माझं जर्मन तोडकं आहे, पण एवढं येतं मला."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. त्यांची एकच खोली, खिडकीशी खुर्ची, टेबलावर अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर फिरवून सांगितलं असतं. मुलावर पिस्तूल रोखलं हे सांगितलं. गोळ्या परत डब्यात भरल्या हे सांगितलं.

 ते म्हणाले, "म्हणजे मी करंगळी घातली होती."

"घातली होती."

"तू बघितलंस."

"मी बघितलं. पिस्तूल रिकामं होतं."

ते काठीवर भार देऊन उठले. मला वाटलं दार उघडून देतील. त्यांनी काठी दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या उजव्या हातावर मारली. मनगटाच्या वर कट्कन आवाज झाला. इतका जोर त्या शरीरात असेल असं वाटलं नव्हतं. दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसरा मी डोकं वळवल्यामुळे कानावर. टेबलावरचा कप फुटला. मी हात वर केला नाही. ते रडत मारत होते, आणि प्रत्येक फटक्याला एकच म्हणत होते, "मी डॉक्टरकडे गेलो! मी माझी गाडी विकली! मी डॉक्टरकडे गेलो!" शेवटी धाप लागून काठी निसटली आणि ते खुर्चीत कोसळले. माझ्या कानातून गळणारं रक्त शर्टाच्या आत जात होतं. हात कोपराखाली सुजायला लागला होता.

"बस," ते म्हणाले.

मी बसलो.

"आल्झो. त्या दिवशी सकाळी धुकं होतं."

मला आधी कळलं नाही की ते तो शनिवार पडताळून बघत आहेत.

"धुकं होतं का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"होतं."

"रेंजवर तू भिंतीकडच्या टोकाला होतास. तुझ्या शेजारी तो दाढीवाला बस ड्रायव्हर."

"हो."

"त्याचं पिस्तूल दोनदा अडकलं आणि त्याने आईवरून शिवी दिली. मी त्याला बाहेर पाठवलं."

"हो. पाठवलंत."

"तू मला सांगितलंस की उद्या तुम्ही लोक पिस्तुलाला फुलं वाहता. मी म्हणालो, वेडे आहात. बरोबर?"

"बरोबर."

असं ते एकेक पाऊल टाकत गेले. कुणी कुठला कोट घातला होता, वरचा दिवा किती वेळा लुकलुकला, कुणाच्या निशाण्याच्या कागदावरून वाद झाला. प्रत्येक गोष्टीनंतर थांबून ते माझ्याकडे बघायचे आणि मी हो म्हणेपर्यंत पुढे सरकायचे नाहीत. आवाज हळूहळू पूर्वीचा होत गेला. माझा हात ठणकत होता, बोटं निळी पडत होती, पण उठायची माझी हिंमत नव्हती.

"मग आपण वर कॉफी प्यायला गेलो," ते म्हणाले. "तू केक घेतला नाहीस. उपास आहे म्हणालास. मी तुझाही तुकडा खाल्ला."

मी आठवून बघितलं. हो म्हणणं सोपं होतं.

"ते मला आठवत नाही," मी म्हणालो.

 ते पाठ टेकून बसले.

"मला आठवतं," ते म्हणाले. "चेरीचा होता. आता जा, हात दाखव कुणालातरी. आणि विचारलं तर पडलो म्हणू नकोस."